साहेब, पाणी किती फुटांवर आहे?

प्रति,
रात्री आठनंतर ग्रुपवर ‘तात्काळ’ लिहिणारे सर्व साहेब आणि मॅडम
(कार्यालय, पद, तालुका लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.)

विषय : संध्याकाळी सातनंतरची वेळ परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपला काल शुक्रवारचा रात्री ९ वाजून ५२ मिनिटांचा मेसेज.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, काल रात्री आपण तात्काळ मागवलेली माहिती मी १० वाजून २० मिनिटांनी पाठवली. माहिती निरंक होती.

आमची वाडीवरची शाळा. पहिली ते चौथी, २६ मुलं, आम्ही दोघं शिक्षक. तुम्ही जे विचारलंत ते आमच्या शाळेत नाही. गेल्या वर्षीही नव्हतं. तेव्हाही विचारलं होतंत, तेव्हाही निरंक लिहून दिलं होतं. पण नसलेली गोष्ट नाही म्हणून सांगायलाही तक्ता लागतो, तक्त्याची प्रिंट लागते, तिच्यावर मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का लागतो, आणि मग त्या सगळ्याचा फोटो. त्यामुळं आमच्या सरांनी गेल्या वर्षापासून शाळेचा शिक्का घरी नेऊन ठेवलाय. देवघरात असतो, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी. वहिनी म्हणतात, रात्री दिवा लावल्यावर देवाआधी ह्यालाच बाहेर काढावं लागतं.

औपचारिक एवढं पुरे. बाकीचं साध्या भाषेत लिहिते, आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण ग्रुपवर लिहायची सोय नाही. तिथं फक्त ॲडमिनला बोलता येतं. आम्ही खाली अंगठा उठवायचा. वीस वर्षं पोरांना अंगठा सोडून सही करायला शिकवलं, आता आम्हीच अंगठेबहाद्दर झालो.

मोहित्यांचे वडगाव तुम्हाला माहीत असेलच. कडेगाव तालुक्यातलं, सुमारे ३,००० वस्तीचं गाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद होतात. ८.३० ला दुसरा भोंगा झाला की पुन्हा सुरू. कोरोनात मुलांच्या हातात अभ्यासासाठी म्हणून दिलेला मोबाईल शाळा उघडल्या तरी सुटेना, त्यावर गावानं काढलेला हा उतारा. पेपरात आलं, टीव्हीवरही आलं. टीव्ही बंद करणारं गाव टीव्हीवर दिसतंय याची आम्हाला फार गंमत वाटली होती. मग आसपासच्या गावांना वाटायला लागलं, आपणही बघावं करून.

आमच्या वाडीनं बघितलं करून. भोंगा नव्हता, देवळातली घंटा होती. घरोघर जाऊन समजावून सांगायचं काम अर्थातच शाळेकडं आलं, तशी सगळीच कामं येतात. मी दारोदार फिरले. एका आजीनं मालिका चालू असताना मला बसवून चहा दिला आणि म्हणाली, “बाई, एवढा भाग बगू द्या, उद्यापास्नं बंद.” दुसऱ्या दिवसापासून तिनं खरंच बंद केला. पहिल्या आठवड्यात बारा-तेरा घरं, महिन्याभरात एक-दोन सोडली तर सगळी वाडी.

मी राहते विट्यात. पण सुरुवातीचे पंधरा दिवस मुद्दाम संध्याकाळी वाडीवर थांबत होते. तिसऱ्या का चौथ्या दिवसाची गोष्ट. देवळाच्या ओट्यावर मुलं पाढे म्हणत बसलेली. ७ वाजून २० मिनिटांनी माझ्या पर्समध्ये टुंग झालं. मग टुंग, टुंग, टुंग. ‘तात्काळ. आज रात्री ८ पर्यंत. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ मुलांकडं पाठ करून मी लिंक उघडली. तीच आजी ओट्याखाली चवड्यावर बसली होती. म्हणाली, “आमचा टीवी बंद क्येला तुमी. आन् तुमचा मोबाईल कसा चालू वो बाई?”

द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. निरंक.

तुम्ही सगळेच मेसेज चुकीचे पाठवता असं मी म्हणत नाही. ते म्हणणारी मी शेवटची असेन, आणि त्याला कारण आहे. माझं माहेर सांगलवाडी. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल संपला की लागते ती. पूल १९२९ चा, आणि पावसाळ्यात आमच्या घरात घड्याळापेक्षा त्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे तेच जास्त बघितलं जायचं. वडील, म्हणजे नाना, सकाळी पुलावर जाऊन यायचे आणि चहाचा कप उचलताना एकच शब्द बोलायचे. “बत्तीस.” आई मान हलवायची आणि भाकरी थापत राहायची. बत्तीसला कुणी काही हलवत नसे. अडतीस म्हणाले की ती धान्याचे डबे वर चढवायला काढायची. चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. हे आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ झालं. नानांचा आवाज बत्तीसलाही तोच आणि त्रेचाळीसलाही तोच. आवाज चढवायची गरजच नव्हती, आकडा सांगायचा.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी विट्यात, नाना, भाऊ, भावजय, पोरं तिकडं. त्या आठवड्यात मी मोबाईल उशापासून हलवला नाही. ज्यांनी रात्री २ वाजता, ३ वाजता मेसेज टाकले त्यांचं ऋण फिटणारं नाही. बोट कुठल्या गल्लीपर्यंत आली, कुठल्या शाळेत जेवण आहे, कुणाच्या म्हाताऱ्या आईची गोळी संपलीय. वीज गेलेली, चार्जिंग संपत आलेलं, म्हणून लोक मोजून शब्द लिहीत होते. भावाचा मेसेज अजून माझ्याकडं आहे : ‘माळ्यावर. ६ जण. नाना ठीक.’ ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर कितीतरी वेळ कुणीच काही लिहिलं नाही.

ते सगळे मेसेज मी नंतर परत वाचले. त्यात ‘तात्काळ’ हा शब्द एकदाही नाही.

म्हणून साहेब, रात्री तुमचा मेसेज वाजला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो सांगलवाडीचा. पाणी किती फुटांवर आहे? पोषण आहाराच्या ताटांची संख्या रात्री दहाला हवी, म्हणजे किती फूट? लावलेल्या झाडांचे फोटो अक्षांश-रेखांशासह पुन्हा पाठवा, म्हणजे किती? वेबिनारला हजर असल्याचा स्क्रीनशॉट? माझ्या हिशेबानं ही वीस-बावीस फुटांची कामं. पात्रातलं पाणी. नदी म्हटली की ते असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या ग्रुपवर रोजच पंचेचाळीस.

याचं काय होतं ते गेल्या पावसाळ्यात झालं. रात्रीत पाऊस वाढला, दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली. खरी तातडीची गोष्ट. तो मेसेज आला तेव्हा त्याच्या वर एकोणीस आणि खाली बावीस मेसेज होते. सगळे लाल दिव्याचे, सगळे तात्काळ. मी झोपेत अंगठा फिरवत वर-खाली गेले आणि तो नेमका सुटला. सकाळी स्कूटीवर भिजत वाडीवर पोचले तर ओढ्याला पाणी, आणि अलीकडच्या काठावर माझ्या आधी येऊन थांबलेली चार पोरं. त्यांना तिथं उभं बघून पोटात जो गोळा आला तो मी इथं लिहू शकत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. ग्रुपवर निळ्या टिका बंद करता येत नाहीत. कुणी वाचलं, कुणी नाही, हे पाठवणाऱ्याला दिसतं. एका साहेबांनी त्या यादीचाच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला होता : ‘हे ७ जण अद्याप ऑनलाईन आलेले नाहीत. खेदजनक.’ सातांत एक बाई बाळंत होऊन दवाखान्यात होती. तिला तिसऱ्या दिवशी कळलं की आपण खेदजनक आहोत.

दिवसा करायच्या कामांबद्दल मी बोलतच नाही. युडायस प्लस म्हणजे शाळेची सगळी माहिती ऑनलाईन भरणं, आधारची जुळणी, प्रत्येक मुलाचा अपार आयडी हा ओळख क्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद, वर मतदार यादीचं काम. शाळेत रेंज नसते म्हणून त्यातलं निम्मं आम्ही टेकाडावरच्या लिंबाखाली उभं राहून करतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मधला आहे. त्याच्या कलम २७ मध्ये म्हटलंय की जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. आपत्ती निवारण बघा. म्हणजे कायद्यालाही पंचेचाळीस फूट मान्य आहेत. पंचेचाळीसला बोलवा, रात्री दोनला बोलवा, येऊ. २०१९ ला आलोच होतो. पूरग्रस्त जिथं राहिले त्या शाळांच्या किल्ल्या आमच्याच कमरेला होत्या.

आता थोडं माझ्याबद्दल. हे लिहायला संकोच वाटतो. बाईमाणसानं घरासाठी वेळ मागितला तर लोक समजून घेतात, स्वतःसाठी मागितला तर भुवया वर जातात.

मी चाळिशी ओलांडल्यावर गाणं शिकायला लागले. मैफिलीसाठी नाही, लहानपणी राहून गेलं होतं म्हणून. थकबाकीचे पैसे आले तेव्हा मिरजेला जाऊन तंबोरा घेतला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला उगाचच माझाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. ज्यांच्याकडून घेतला ते कारागीर म्हणाले होते, “ताई, वाजवायला दहा मिनटं लागत्यात, लावायला अर्धा तास. घाई आसंल तवा हात लावू नका.” चार तारा. पंचम लावायचा, मग दोन्ही जोड, मग खर्ज. तारेखालचा दोरा केसभर सरकवत जवारी, म्हणजे तारेचा भरलेला गुंजार, खुलेपर्यंत थांबायचं. ती खुलते तेव्हा खोलीतली हवा बदलते. आणि नेमक्या त्या वेळी टुंग. तुमच्या त्या टुंगचा सूर माझ्या कुठल्याच पट्टीत बसत नाही, मी बघितलंय.

तंबोऱ्याचं ॲप असतं, मोबाईलवर आयता सूर मिळतो, हे मला माहीत आहे. पोरीनं घालूनही दिलंय. त्यातसुद्धा मध्येच तुम्ही येता.

पोरगी दहावीला आहे. आमची एक पद्धत होती : जेवणं झाली की दोघींनी कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत शतपावली घालायची. ह्या वयाची मुलं समोरासमोर बसवून काही सांगत नाहीत. शेजारी चालत असलं, अंधार असला, की आपोआप बोलतात. वर्गातली भांडणं, गणिताची भीती, कोण कुणाला काय म्हणालं. मग माझ्या हातात मोबाईल आला. टाकीपर्यंत जाताना एक लिंक, येताना एक लिंक. ती काही बोलली नाही. दिवाळीनंतर तिनं कानात इअरफोन घालायला सुरुवात केली, आणि मी तिला रागावले. तिनं एक कान मोकळा केला आणि विचारलं, “तुझं झालं का?” त्यात उद्धटपणा नव्हता, साधी चौकशी होती. म्हणून जास्त लागलं. तिच्या बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यांचे खतांच्या कंपन्यांचे ग्रुप वेगळे. आमच्या दोन खोल्यांत दोन कार्यालयं रात्री अकरापर्यंत उघडी असतात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बाई साहेबांच्या नावानं खडे फोडतायत. थांबा. खडा माझ्याही घरावर पडणार आहे.

आमच्या वर्गाचा पालकांचा ग्रुप आहे. त्याची ॲडमिन मी. मागच्या वर्षी एका गुरुवारी रात्री ९.४० ला वरून मेसेज आला : उद्या सर्व विद्यार्थी पारंपरिक वेशभूषेत, फोटो १२ पर्यंत. मी काय केलं? एक अक्षरही न बदलता पुढं ढकलला. वर ‘सर्व पालकांनी तात्काळ नोंद घ्यावी’ हे माझं स्वतःचं, तुम्ही सांगितलेलं नव्हतं.

आमच्या भागात गलाईची घरं पुष्कळ. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव ह्या बाजूची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी पार दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत देशभर पसरलीत. बाप तिकडं, बायकापोरं इकडं, वर्षातून यात्रेला आणि दिवाळीला भेट. दुसरीतल्या एका पोराचा बाप असाच लांब आहे. दुकान बंद करून, खोलीवर जाऊन, हातपाय धुऊन तो साडेनऊच्या सुमाराला व्हिडिओ कॉल करतो. पोरगं त्यासाठी जागं राहतं. शाळेत काय झालं ते सांगतं, वही कॅमेऱ्यासमोर धरतं, बाप तिकडून ‘शाब्बास’ म्हणतो. त्या घरात मोबाईल म्हणजे बाप. मोबाईल वाईट, मोबाईल बंद करा, असं मी त्या घरात जाऊन बोलले होते तेव्हा त्याची आई नुसती हसली होती, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

शुक्रवारी पोरगं धोतर नेसून आलं. ढगळ, कुणाचं तरी मोठ्या माणसाचं, कमरेला सुतळीनं बांधलेलं. मी कौतुक केलं. ते म्हणालं, “पप्पांचा फोन आलता. पण आईनं कट क्येला. धोतर हुडकाय जायाचं हुतं.”

ते फोटो मी १२ च्या आत पाठवले. तुमच्याकडून अंगठा आला. पुढं त्या फोटोंचं काय झालं, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी विचार करते, हे उतरतं कसं? आमच्याकडं पाटाच्या पाण्याला नियम असतो, आधी शेपटाला भिजवायचं, मग माथ्याकडं यायचं. नाहीतर माथ्यावरचा सगळं पितो आणि शेपटाचा रान वाळवत बसतो. घाईचं मात्र उलटं. ती माथ्यावर कुणाला बाधत नाही, उतारानं खाली येताना वाढत जाते, आणि शेपटाला रात्री दहा वाजता शेजाऱ्याच्या दारात धोतर मागत उभ्या राहिलेल्या बाईवर जाऊन फुटते. मधली प्रत्येक ॲडमिन म्हणते, मी फक्त पुढं पाठवलं. मीही म्हणत होते.

तुमचीही अवस्था मला दिसते. तुम्हालाही वरून कुणीतरी विचारत असतंच, ‘तुमच्याकडचे किती टक्के भरले?’ तुमच्या व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठका, रात्री नऊपर्यंत चालतात. एका साहेबांना मी लग्नात पाहिलंय, एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातानं टायपिंग. ‘शुभमंगल सावधान’ झालं तेव्हा त्यांनी चुकून मोबाईलचा हात वर केला. हसू आलं, आणि जरा वेळानं वाईटही वाटलं. तुमच्या घरी तुमची वाट बघणारं कोण आहे हे मला माहीत नाही, पण असेल तर त्याच्या वतीनंही हे पत्र समजा.

नोकरीची वेळ संपली की माणूस सुटतो, हे आपोआप ठरलेलं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून कामगारांची संघटना बांधत होते. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींतले, आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं. म्हणजे हा वारसा लांबचा नाही. माझे मामा साखर कारखान्यात होते. पाळी संपल्याचा भोंगा झाला की सायकलला टांग मारायची आणि घर गाठायचं. त्यानंतर कारखान्यात काय चाललंय ते उद्या कळणार. मामांना भोंगा होता. वडगावाला भोंगा आहे. तुमच्या ग्रुपला तेवढा नाही.

बाहेरच्या देशांत यावर कायदे झाले. कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून लागू केला, ऑस्ट्रेलियात तो २०२४ च्या ऑगस्टात आला. आपल्याकडं बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं. पण १९७० नंतर संसदेनं एकही खासगी विधेयक मंजूर केलेलं नाही. तेव्हा कायद्याच्या वाटेकडं डोळे लावून बसण्यात अर्थ नाही, पोरगी तोवर दहावीच काय, पदवीधर होऊन सासरी जाईल. तुमच्या हातात आहे तेवढंच मागते.

रात्री सुचलं तर रात्री लिहा, हरकत नाही. लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ ग्रुप गप्प राहू द्या. ह्या वेळेत खरंच पाणी चढलं तर फोन करा, मेसेज नको. फोनवर माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, “बाई, झाडांचे फोटो परत हवेत, आत्ता, रात्री दहा वाजता.” ते वाक्य तोंडातून काढून बघा. निघत नाही. जे तोंडानं मागायची लाज वाटते ते लिंक टाकून मागायला सोपं जातं, सगळी गोम तिथं आहे.

‘तात्काळ’ ही तारीख नव्हे. कधीपर्यंत हवं ते वार आणि वेळ घालून लिहा, आणि कशासाठी हवं तेही एका ओळीत लिहा. कशासाठी ते कळलं तर आम्ही चांगलं करून देतो, आम्ही काही कामचुकार नाही.

आणि ते निरंक. ते एवढं एक मनावर घ्याच. ज्या शाळेत ती गोष्ट आहे तिनंच कळवावं, ‘न कळवल्यास माहिती निरंक समजण्यात येईल’ असं तुम्हीच एक वाक्य खाली लिहा. सरकारी भाषेतलं जुनंच वाक्य आहे, नवीन जीआर लागणार नाही. त्या एका वाक्यानं किती घरांतले शिक्के देवघरातून शाळेच्या कपाटात परत जातील, त्याची माहिती तुम्ही हवं तर मागवा. ती मात्र मी आनंदानं भरून देईन.

माझ्याकडून मी सुरू केलंय. पालकांच्या ग्रुपवर सातनंतर काही टाकत नाही. वरून उशिरा काही आलं तर सकाळी शाळेत मुलांना तोंडी सांगते, आणि उद्याच्या उद्या काही आणायचं असेल तर ते शाळेतच शोधतो. दोन धोतरं, चार फेटे आणि एक नऊवारी आता कपाटात ठेवलीय. दोनदा माझी माहिती वेळेत गेली नाही. ‘खेदजनक’ यादीत माझं नाव आलं. आईशप्पथ सांगते, दुसऱ्या वेळी काही वाटलं नाही. शतपावलीला मोबाईल घरी ठेवते. पोरीनं अजून इअरफोन काढलेले नाहीत, पण परवा टाकीपाशी एक कान मोकळा होता. तो माझ्या बाजूचा होता.

हे पत्र काल रात्री सव्वाअकराला लिहून झालं. तुमच्या ९.५२ चा राग ताजा होता, तेव्हाच टाकणार होते. ठेवलं. आज शनिवार, सकाळची शाळा. आत्ता सुटली. मुलं गेली, सर शिक्का पिशवीत घालून गेले, मी कुलूप लावायच्या आधी हे पाठवते आहे.

उत्तर सोमवारी, शाळेच्या वेळेत दिलंत तरी चालेल. पाणी चढलं तर मात्र फोन करा. नंबर तुमच्याकडं आहेच.

आपली नम्र,
एक उपशिक्षिका,
जिल्हा सांगली